चिमटेवाला डोम्बेक

संघाचा घरचा सामना असला की कॅझिमिर डोम्बेक साठ हजार माणसांच्या समोर उभा असायचा, आणि अडतीस वर्षांत त्यातल्या एकानेही त्याच्याकडे म्हणून पाहिलं नव्हतं. यात त्या माणसांचा काही दोष नाही. मैदानाच्या कडेला साखळी धरून उभ्या राहिलेल्या आठ माणसांना बघायला कोण तिकीट काढतो? लोक चेंडूकडे बघतात, चेंडू घेऊन पळणाऱ्याकडे बघतात, त्याला आडवा पाडणाऱ्याकडे तर फारच आवडीने बघतात. साखळीवाले आठवतात ते मोजणीच्या वेळी, तेवढ्यापुरते.

काम तसं सोपं. अमेरिकन फुटबॉलमध्ये चार डावांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा. नेला तर पुन्हा चार डाव, नाही नेला तर चेंडू समोरच्यांच्या हवाली. म्हणून दोन नारिंगी दांडे आणि त्यांच्यामध्ये दहा यार्डांची साखळी. मागचा दांडा मर्व सालाय धरायचा, डावाच्या आकड्याची पाटी ऑर्विल टेट धरायचा, आणि चिमटा कॅझकडे. मैदानावर दर पाच यार्डांवर आडवा पांढरा पट्टा असतो. साखळी जिथे असा पट्टा ओलांडते, तिथे पट्ट्याच्या बरोबर मागच्या कडेवर साखळीला चिमटा लावायचा. मोजायची वेळ आली की साखळी उचलून आत न्यायची, चिमटा त्याच पट्ट्याच्या त्याच कडेवर टेकवायचा आणि पुढचा दांडा ताणायचा. चिमटा नसेल तर सगळा कारभार अंदाजपंचे दाहोदरसे. कॅझला याचा अभिमान होता. चौतीस वर्षं तो बेअरिंगच्या कारखान्यात तपासणी खात्यात होता, केसाच्या जाडीवरून माल परत पाठवायचा. दांडे काय, कुणीही धरील, असं तो मर्वच्या तोंडावर म्हणायचा.

बाकी त्याच्याजवळ अभिमान वाटावा असं फारसं उरलं नव्हतं. लोरेटाला जाऊन चार वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. घराबाहेर पडताना तो स्वयंपाकघरातला रेडिओ चालू ठेवून जायचा, म्हणजे परत आल्यावर दार उघडलं की आत कुणीतरी बोलत असायचं. सामना संपला की ऑर्विल नातवंडांकडे जायचा, मर्व बायकोच्या शिव्या खायला जायचा, आणि कॅझ गाडीत बसून थर्मासमधलं सूप पीत राहायचा. वाहनतळ पुरता रिकामा होऊन रखवालदार काचेवर टकटक करीपर्यंत तो निघायचा नाही. रखवालदाराला वाटायचं, म्हातारा गर्दीत गाडी घालायला घाबरतो. कॅझही तसंच सांगायचा.

त्या वर्षी मार्चमध्ये नियम बदलायची हवा सुटली. दरवर्षीच सुटते. बत्तीस संघांचे बत्तीस मालक कुठल्यातरी उबदार गावी जमतात, आणि त्यातले चोवीस हो म्हणाले की नियम बदलतो. या खेपेला यादी मोठी होती. चेंडू धरणाऱ्याला मागून ढकलत न्यायच्या डावावर बंदी, खेळ सुरू करताना चेंडूला मारायच्या लाथेची नवी तऱ्हा, आणि तिसरं, साखळीने मोजणं बंद. कॅमेरे मोजणार. दांडे कडेला उभे राहतील, प्रेक्षकांना अंदाज यावा म्हणून. पण चिमट्याची गरज नाही. आठांतले सात राहणार होते.

गुरुवारी संघाच्या कचेरीतून डेल्फीनचा फोन आला. मुलगी गोड बोलणारी होती.

"मिस्टर डोम्बेक, आपले मालक साखळीच्या बाजूने मत देणार आहेत. त्यांना बैठकीत वाचून दाखवायला एक पत्र हवंय. सगळ्यात जुन्या माणसाचं. म्हणजे तुमचं."

"मी काय लिहिणार?"

"मनातलं लिहा. पण एक वाक्य नक्की घाला हं. अडतीस वर्षांत एकही मोजणी चुकली नाही. ते ऐकून लोक विरघळतील. सोमवारपर्यंत द्याल?"

कॅझ बरं म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याने उगाचच रेडिओचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी उपासाचा शुक्रवार. ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांतल्या दर शुक्रवारी सेंट हेडविग चर्चच्या तळघरात तळलेला मासा मिळतो, आणि अर्धी वस्ती तिथे असते. ऑर्विल बॅप्टिस्ट पंथाचा, त्याला उपासाशी कर्तव्य नाही, पण माशाशी आहे. लांब टेबलावर तिघं बसले, समोर पर्च माशाचे तुकडे, कोबीची कोशिंबीर, पिरोगी नावाच्या पोलिश करंज्या.

"कॅमेरा म्हणे!" मर्व सुरू झाला. "उद्या प्रार्थनेला पण लावा. पाद्रीबाबाला डुलकी लागली की शिट्टी!"

"लावूच देत," ऑर्विल म्हणाला. "तू तिसऱ्या रांगेत घोरतोस ते तरी जगाला दिसेल."

"आणि ढकलायला बंदी! मी म्हणतो, ढकलल्याशिवाय कोण पुढे गेलाय? माझ्या बायकोने मला ढकलत ढकलत फोरमन केलं. तिच्यावर घालणार का बंदी?"

"घाल तूच. मी लांबून बघतो."

पलीकडच्या टेबलावरूनही मतं यायला लागली. मत द्यायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे या बाबतीत आमचं गाव फार उदार आहे. एकाचं म्हणणं, ढकलणं म्हणजे खेळ नव्हे, गुरं हाकणं. दुसरा म्हणाला की लाथेची नवी तऱ्हा हाडं वाचवते, ज्याचा पोरगा खेळतो त्याला विचारा. यावर थोडा वाद झाला. पण साखळीवर मात्र सगळ्यांचं एकच मत. साखळी हवी. साखळी खोटं बोलत नाही. दोन माणसं मैदानात धावत येतात, दांडा ताणला जातो, साठ हजार माणसं श्वास धरतात. तो क्षण काढून घेतला तर उरलं काय? बोलता बोलता सगळे कॅझकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

"आपला चिमटेवाला लिहितोय पत्र!" मर्व उभा राहून ओरडला. "बत्तीस शेठजींना वाचून दाखवणार आहेत!"

टाळ्या पडल्या. कुणीतरी बियर मागवली. ग्लास आला तो दोन बोटं कमी भरलेला, आणि तो माणूस वाटणाऱ्या बाईकडे बघून ओरडला, "काय गं, हा तर प्रुइट भरलास की!"

सगळे हसले. या शहरात कमी भरलेल्या ग्लासाला प्रुइट म्हणतात. तोकड्या पडलेल्या पडद्याला, थोडक्यात न पोचलेल्या बसलाही म्हणतात. विशीतली पोरं म्हणतात, ज्यांनी लमाँट प्रुइटला खेळताना बघितलेलंही नाही. कॅझ हसला नाही. त्याने ताटातला मासा तसाच ठेवला आणि डोकं दुखतंय म्हणून घरी गेला.

शनिवारी सकाळी त्याने कागद घेतला. नाव लिहिलं, तारीख लिहिली, अडतीस वर्षं झाली हे लिहिलं. पुढचं वाक्य येईना. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं चांदणं कॅझच्या मनात चोवीस वर्षं पडलेलं होतं.

चोवीस वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातला सामना. जिंकला तर संघ पुढच्या फेरीत, हरला तर घरी. सरोवरावरून बर्फ येत होतं. शेवटची तीन मिनिटं, आपण चार गुणांनी मागे, चौथा डाव, एक यार्ड हवा. चेंडू लमाँट प्रुइटकडे दिला. तेवीस वर्षांचा पोरगा, त्याच वर्षी संघात आलेला. तो ढिगाऱ्यात घुसला आणि वीस माणसं त्याच्यावर पडली. उठले तेव्हा कुणालाच कळेना, पोचला की नाही. पंचाने हाताने खूण केली, मोजा.

साखळी आत गेली. कॅझ चिमट्याजवळ मुठीत साखळी धरून धावत होता. पंच गुडघ्यावर बसला, पट्ट्यावरचं बर्फ हाताने पुसलं आणि विचारलं, "कुठली कड?"

कॅझने बुटाच्या टोकाने दाखवलं. "ही."

त्याने दाखवली ती सरोवराकडची कड. तिसऱ्या भागात आपला संघ चेंडू नेत असताना मागची कड तीच होती. पण सामन्याच्या चार भागांतला शेवटचा भाग सुरू होताना संघ बाजू बदलतात, आणि बाजू बदलली की मागची कड पुढची होते आणि पुढची मागची. कडेला उभं राहून चिमटा लावताना त्याने तो बरोबर लावला होता. आत गेल्यावर, त्या गोंगाटात, पाय सवयीने दुसरीकडे गेला. पट्टा चार इंच रुंद असतो. सगळी साखळी चार इंच पुढे सरकली. दांडा ताणला गेला, आणि चेंडूचं नाक दांड्याच्या दोन बोटं अलीकडे राहिलं.

साठ हजार माणसांच्या तोंडून जो आवाज निघाला तो कॅझ कधी विसरला नाही. लोक तो आवाज प्रुइटच्या नावावर जमा करतात.

चूक त्याला परत कडेला येता येता कळली. वर नजर गेली, सरोवराच्या बाजूचा दिव्यांचा खांब समोर दिसला, आणि संघ आता त्याच बाजूला चाललाय हे ध्यानात आलं. पुढचा डाव सुरू व्हायला पंचवीस सेकंद होते. पुढचा डाव सुरू झाला की मागचा निर्णय ब्रह्मदेवालाही बदलता येत नाही, असा नियम आहे. पण त्या पंचवीस सेकंदांत येतो. थांबा, एवढं म्हणायचं होतं. पंच सहा पावलांवर होता. कॅझने तोंड उघडलं, गार हवा आत गेली, आणि त्याने ते मिटलं. सगळ्यांदेखत आपण चुकलो असं त्याला कधीच म्हणता आलेलं नव्हतं. कारखान्यात इतरांच्या चुका काढायचीच त्याला सवय. शिट्टी झाली. चेंडू समोरच्यांना गेला.

त्या दिवशी घरी आल्यावर लोरेटाने विचारलं होतं, "एवढा का गप्प आहेस?"

"हरलो ना," तो म्हणाला होता.

तिने कोबीच्या भाजीत सॉसेज जास्त घातले होते, त्याला आवडतात म्हणून. त्यानंतर वीस वर्षं दोघं एका टेबलावर जेवली. शेवटी दवाखान्यात तिचा हात धरून तो तीन आठवडे बसला होता, वेळच वेळ होता. तरीही सांगितलं नाही. तिच्या डोळ्यांत आपण नेमका माणूस होतो, तेवढं एक तरी राहू दे, असं त्याला वाटलं. आता कधीकधी वाटायचं की ती गेली ती आपल्याला न ओळखताच गेली.

रविवारी दुपारी ऑर्विल आणि मर्व पत्र ऐकायला घरी आले. लोरेटाच्या अंत्यविधीनंतर त्या घरात एकदम दोन माणसं पहिल्यांदाच येत होती. कॅझने सकाळपासून तयारी केली होती. तीन कप, खसखशीचा केक, धुतलेले टेबलमॅट. रेडिओ बंद केला.

"वाच," मर्व खुर्चीत बसत म्हणाला. "आणि जरा रडवणारं असू दे. शेठ लोकांना रडायला मिळत नाही फारसं."

कॅझने वाचलं नाही, सांगितलं. सरोवराकडची कड, दिव्यांचा खांब, पंचवीस सेकंद. सांगून झालं तेव्हा केक कापलेला तसाच होता.

मर्व आधी हसला. "काय बकतोस? म्हातारपणी भ्रम झाला का तुला?"

"भ्रम नाही, मर्व."

"मग गप्प बस ना! चोवीस वर्षं बसलास तसा! आत्ता? आत्ताच? आपली साखळी काढून टाकायला निघालेत, सगळं गाव आपल्या मागे उभं राहिलंय आणि तुला पाप धुवायची हुक्की आली? वरातीमागून घोडं कशाला नाचवतोस?"

"ते वाक्य मला लिहिता येत नाही."

"मग ते सोडून बाकीचं लिही! कोण आलंय तुला शपथ घालायला? अरे, तुझा चिमटा गेला तर तू रविवारी करणार काय? जाणार कुठे? कोण आहे तुला?"

बोलून गेल्यावर मर्वला स्वतःलाच वाईट वाटलं असावं. पण तो थांबणाऱ्यातला नव्हता. टोपी उचलली आणि दार आपटून गेला. मर्व माणूस वाईट नाही. त्याला साखळीपलीकडे स्वतःचं असं काही नाही, एवढंच. हे त्याच्या बायकोलाही माहीत आहे.

ऑर्विल बसून राहिला. कपातली कॉफी ढवळत म्हणाला, "त्या दिवशी मी तुझ्या तोंडाकडे बघितलं होतं."

"मग?"

"मग काही नाही. काहीतरी झालंय एवढं कळलं. काय ते नको कळायला, असं वाटलं. म्हणून कधी विचारलं नाही."

"विचारायचं होतंस रे, ऑर्विल."

"हो," ऑर्विल म्हणाला. "विचारायला हवं होतं." थोड्या वेळाने तोही उठला. दारात कॅझच्या खांद्यावर हात ठेवला, पण पुन्हा कधी भेटू ते काही बोलला नाही. कॅझने तिन्ही कप धुतले. एकातलीच कॉफी संपली होती, त्याच्या स्वतःच्या.

सोमवारी त्याने पत्र कचेरीत नेऊन दिलं. पाचच ओळी होत्या. मी चिमटेवाला आहे. अडतीस वर्षांत माझी एक मोजणी चुकली हे मला माहीत आहे, आणि मला माहीत नसलेल्या किती चुकल्या ते देव जाणे. लमाँट प्रुइटने दहा यार्ड पूर्ण केले होते. साखळी खोटं बोलत नाही हे खरं, पण ती धरणारा गप्प बसू शकतो. कॅमेरे आणा.

डेल्फीनने उभ्यानेच वाचलं. तिचं गोड हसू हळूहळू उतरलं.

"हे... हे वाचता नाही येणार, मिस्टर डोम्बेक."

"मला वाटलंच."

"तुम्हाला माझा एक सल्ला देऊ का? हे मी बघितलं नाही असं समजते. तुम्ही घरी जा, झोप काढा. आम्ही इथेच काहीतरी लिहून घेतो, तुम्ही फक्त सही करा."

"सही नाही करणार."

"मग पुढच्या मोसमात... म्हणजे तुम्हीच समजून घ्या."

कॅझला समजलं. त्याने गळ्यातलं मैदानात जायचं ओळखपत्र काढून तिच्या टेबलावर ठेवलं. तिने नको म्हणून हात पुढे केला, पण ते उचलून त्याला परतही दिलं नाही.

मंगळवारी सकाळी पुन्हा बर्फ आलं. मार्च अर्धा उलटला तरी सरोवर ऐकत नाही. दहाच्या सुमाराला कॅझ रस्त्यांवरचं बर्फ वितळवायला मीठ साठवतात त्या तालुक्याच्या डेपोवर गेला. लमाँट प्रुइट तिथे बर्फ लोटायचा ट्रक चालवतो, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्यावरही विनोद होते. रस्ता दोन बोटं सोडून साफ करतो, वगैरे. मिठाच्या डोंगरापाशी तो ट्रकचं पातं खरवडत उभा होता. केस पांढरे व्हायला लागलेले, गुडघ्यात वाकलेला. गाडीतून उतरलेला म्हातारा आपल्याकडे येतोय बघून त्याचा चेहरा आक्रसला. अनोळखी माणसं त्याच्याकडे कशासाठी येतात ते त्याला पाठ होतं.

"फोटो नाही काढणार," तो म्हणाला. "आणि बोटं दाखवलीत तर मिठात पुरेन."

"मिस्टर प्रुइट, मी कॅझ डोम्बेक. साखळीवर होतो. चिमट्याचा माणूस."

प्रुइटने खरवडणं थांबवलं नाही. कॅझला वाटलं होतं, बसायला वगैरे मिळेल. उभ्यानेच, वाऱ्यात, पात्याच्या कर्कश आवाजावर आवाज चढवून त्याला सांगावं लागलं. कड म्हणताना पात्याचा आवाज थांबला. पंचवीस सेकंद म्हणताना प्रुइटने मान वर केली.

"म्हणजे मी पोचलो होतो."

"हो."

"किती?"

"दोन बोटं. दोन बोटं पलीकडे."

प्रुइट ट्रकच्या पायरीवर बसला. बराच वेळ हातमोज्यावरचं मीठ झटकत राहिला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "खाली पडलो ना, तेव्हाच. अंगाला कळतं हो ते, त्याला डोळ्यांची गरज नाही. ढिगाखाली मी हसत होतो. उठलो आणि बघितलं, तर सगळे डोक्याला हात लावून उभे." तो थांबला. "दोन वर्षं भेटेल त्याला सांगत होतो, मी पोचलो होतो. लोक म्हणायचे, हरलेला माणूस, बोलू द्या. पुढच्याच मोसमात संघातून काढलं. तेही चालतं, खेळात कितीतरी जणांना काढतात. पण एक दिवस ममा म्हणाली, लमाँट, पुरे आता. साखळी खोटं बोलत नाही, बाळा. तू पोचला नाहीस, मला तू तसाही चालतोस."

प्रुइटने हातमोजा काढून पुन्हा घातला.

"त्यानंतर मी पण म्हणायला लागलो, नाही पोचलो. खरंच वाटायला लागलं. तेव्हापासून कशाचीच खात्री नाही वाटत. घरातून निघालो की तीनदा मागे जाऊन कुलूप बघतो. बायको सोडून गेली त्याला कंटाळून. तुम्ही कुठे होता हो इतकी वर्षं?"

"इथेच. गुलाब गल्लीच्या मागे. तुम्ही आमचाही रस्ता साफ करता."

प्रुइट त्याच्याकडे बघत राहिला. कॅझला वाटलं, आता मारील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"चुकलो मी," कॅझ म्हणाला. "कडेला तर चुकलोच. पण त्यानंतर जास्त चुकलो. माफी मागायलाही तोंड नाही मला."

"मग मागू नका. मी काही माफ वगैरे करणार नाही." प्रुइट उठला. पातं वर घेतलं, ट्रकचं दुसरं दार उघडलं. "बसा."

"कुठे?"

"ममा नोव्हेंबरात गेली. बसा म्हणतो ना."

ट्रक निघाला. वायरलेसवर कुणीतरी कुठला तरी पूल निसरडा झाल्याचं सांगत होतं. दफनभूमी दोन मैलांवर होती, आणि तिच्या फाटकापासून आत रस्ता असा दिसतच नव्हता. प्रुइटने पातं खाली टाकलं आणि आत जाईपर्यंत बर्फ बाजूला लोटत नेलं, नेहमीचं काम करावं तसं. एका छोट्या दगडापाशी थांबला. उतरून दगडावरचं बर्फ हाताने झाडलं. अर्नेस्टीन प्रुइट.

"सांगा," तो म्हणाला.

कॅझने टोपी काढली. कुणासमोर तरी उभं राहून हे बोलायची ही तिसरी वेळ होती. लोरेटासाठीही तो असाच दुसऱ्या एका दफनभूमीत दर महिन्याला उभा राहतो, आणि तिथे हवापाण्याच्या गप्पा मारून परत येतो.

"बाई, मी साखळीवर होतो," तो पुटपुटला. "मी कड चुकीची दाखवली. तुमचा मुलगा—"

"मोठ्याने," प्रुइट म्हणाला. "तिला कमी ऐकू यायचं."

कॅझने श्वास घेतला. गार हवा आत गेली. या वेळी त्याने तोंड मिटलं नाही.

"तुमचा मुलगा पोचला होता, बाई!" तो ओरडला. "दहा यार्ड पूर्ण होते! चूक माझी होती! तो पोचला होता!"

लांब फाटकाजवळ बर्फ उपसणारा एक माणूस फावडं थांबवून बघायला लागला. कॅझच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला हात वर जाईना. शेजारी सत्तेचाळीस वर्षांचा लमाँट प्रुइट हातात टोपी घेऊन, दगडाकडे वाकून उभा होता.

"ऐकलंस ना, ममा?" तो म्हणाला.